टॉवर स्पीकर की सबवूफर? सोलापूरच्या घरासाठी निवड आणि मांडणी

"बास चांगला पाहिजे" एवढं एक वाक्य घेऊन माणूस दुकानात शिरतो. समोर दोन वस्तू येतात: कमरेएवढ्या उंचीची टॉवर स्पीकरची देखणी जोडी, आणि जमिनीवर बसवलेला काळा चौकोनी ठोकळा, म्हणजे सबवूफर. पैसे एकाचेच असतात. मग घरी येऊन चर्चा सुरू होते, टॉवर घ्यायचा की सबवूफर?

यातला घोळ आधी सोडवू. टॉवर हा पूर्ण स्पीकर आहे. गायकाचा आवाज, पेटी, तबला, झांजा सगळं तोच वाजवतो आणि जोडीला बासही देतो. सबवूफर एकटा काही कामाचा नाही. तो फक्त तळाचे सूर वाजवतो, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका लहान, तितका सूर खालचा.) वरचं सगळं वाजवायला दुसरे स्पीकर लागतातच. त्यामुळे खरी तुलना अशी होते: एकीकडे टॉवरची जोडी, दुसरीकडे छोट्या, फळीवर किंवा स्टँडवर ठेवायच्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी अधिक एक सबवूफर.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सोलापुरातल्या बहुतेक खोल्यांत दुसरा संच जास्त उपयोगी पडतो. सबवूफरचा दणका मोठा असतो म्हणून मी हे म्हणत नाही. बास खोलीत कुठून यावा हे तुम्हाला ठरवता येतं, म्हणून म्हणतो. हे का महत्त्वाचं, ते खोली मोजल्यावर कळेल. पण त्याआधी एक काम आहे.

पहिली पायरी: काय ऐकता ते लिहून काढा

गेल्या महिन्याभरात घरात काय काय वाजलं त्याची आठ-दहा नावं कागदावर लिहा. ऐकायला आवडेल असं नको, खरंच वाजलेलं लिहा.

आता सुरांचा हिशोब. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. शास्त्रीय गाणं, अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, जुनी हिंदी गाणी यांत ६० हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतंच. बास गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झ. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ, पण ती वाजते कधी? आजकालच्या सिनेमागीतांत कीबोर्डवरून काढलेला बास मात्र सर्रास ३० ते ५० हर्ट्झमध्ये फिरतो. आणि सिनेमाच्या साउंडट्रॅकमध्ये धमाके, गडगडाट यांच्यासाठी वेगळी वाटच ठेवलेली असते, जी १२० हर्ट्झपासून थेट २० हर्ट्झपर्यंत जाते.

म्हणजे तुमच्या कागदावर अभंग आणि ख्याल असतील, तर ४५ हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा टॉवर तुम्हाला आयुष्यभर पुरेल. सबवूफरवर पैसे घालू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगूभाषक वस्तीतल्या एखाद्या घरी रोज रात्री तेलुगू सिनेमा लागत असेल, तर सबवूफरशिवाय गंमत नाही. बहुतेक टॉवर तेवढ्या खालच्या सुरांपर्यंत पोचत नाहीत.

एक गोष्ट इथेच बोलून घेऊ. आपल्याकडे बासची कल्पना मिरवणुकीतल्या डॉल्बीवरून तयार होते. छातीत बसतो तो बास, असं आपण धरून चालतो. ती यंत्रणा उघड्या रस्त्यावर हजारभर माणसांसाठी असते. घरात चांगला बास ओळखायची खूण वेगळी आहे: डग्ग्यावरची मींड खाली-वर सरकताना ऐकू आली पाहिजे. प्रत्येक थाप एकाच सुरात "धूम" करत असेल, तर ती संगीतातून आलेली नाही, खोलीने घातलेली भर आहे.

दुसरी पायरी: खोलीला टेप लावा

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. मग ५६५ ला प्रत्येक मापाने भागा. उत्तर येतं ते हर्ट्झमध्ये, आणि तो त्या दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये घुमणारा पहिला सूर. आवाज सेकंदाला साधारण १,१३० फूट जातो. भिंतींमधलं अंतर लहरीच्या लांबीच्या बरोबर निम्मं असलं की तो सूर तिथल्या तिथे अडकून फुगतो. १० फुटाला ५६, १२ फुटाला ४७, १५ फुटाला ३८, १८ फुटाला ३१. याच आकड्यांच्या दुपटीला, तिपटीलाही तीच गत.

आता आपल्या नेहमीच्या १० बाय १२ च्या खोलीचं बघा. स्लॅब १० फुटांवर. उत्तरं आली ४७, ५६ आणि पुन्हा ५६. रुंदी आणि उंची एकाच सुरावर येऊन बसली, म्हणजे तो सूर दुप्पट माजणार. १० बाय १० ची खोली तर सगळ्यात अवघड, कारण तिन्ही मापं एकत्र येतात.

हे फुगणं खोलीभर सारखं नसतं. भिंतीला टेकून बसलात की तो सूर सगळ्यात जोरात, आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसलात की जवळजवळ गायब. दोन-तीन फूट सरकल्यावर एखाद्या सुरात १० डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) वर फरक पडू शकतो. एवढा फरक महागडा अ‍ॅम्प्लिफायर बदलूनही पडत नाही.

आपल्याकडे यात अजून एक भर आहे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स. यूट्यूबवर ज्यांचे रिव्ह्यू आपण बघतो, त्यांच्या घरच्या भिंती बहुतेक वेळा लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते लावलेल्या असतात. त्या तळाचा आवाज थोडा गिळतात, थोडा बाहेर सोडतात. आपल्या भिंती तो जसाच्या तसा परत फेकतात. त्यामुळे "बास जरा कमी वाटला" असं ज्या स्पीकरबद्दल त्यांनी म्हटलं असेल, तो जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये पुरून उरतो. रिव्ह्यू वाचताना हे धरूनच वाचा.

सोलापुरात राहून चादरीचा विषय टाळता येत नाही. भिंतीवर चादर टांगली तर टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट कमी होतो, गायकाचा "स" कानाला टोचत नाही. फायदा आहेच. पण ४७ हर्ट्झची लहर २४ फूट लांब असते, तिला चादरीची जाडी जाणवतही नाही. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यात उभ्या रचल्या तर १०० हर्ट्झच्या वर थोडाफार फरक पडतो. त्याखालचं दुखणं मांडणीनेच बरं करावं लागतं.

हॉलला लागून स्वयंपाकघर उघडं असेल, जिना वर जात असेल, तर हा भागाकार तंतोतंत लागू होत नाही. बास तिकडे पसरतो आणि घुमणं कमी होतं. अशी खोली नशिबाने मिळते.

तिसरी पायरी: निवड करा

आता सुरुवातीचा मुद्दा. स्टिरिओचं चित्र नीट उभं राहायला दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण लागतो. म्हणजे वरचे सूर कुठून यायला हवेत ती जागा ठरलेली आहे. पण तीच जागा बाससाठी चांगली असेल याची काही खात्री नाही, बहुतेकदा नसतेच. टॉवरमध्ये दोन्ही गोष्टी एकाच खोक्यात बंद असतात. एकीसाठी हलवला की दुसरी बिघडते. सबवूफर वेगळा असल्यामुळे बुकशेल्फ त्रिकोणात राहतात आणि तो खोलीला सोसेल तिथे जाऊन बसतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून आला हे कानाला धड कळतही नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवलेला खटकत नाही.

१० बाय १२ किंवा त्याहून लहान खोलीत मी डोळे मिटून पाच ते साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे स्पीकरमधला बास वाजवणारा पडदा) बुकशेल्फ घेईन. सबवूफर आठ किंवा दहा इंची, बंद पेटीचा. बंद पेटी म्हणजे जिला हवा जायला भोक नाही ती. बंद पेटीचा आवाज तळाला हळूहळू उतरत जातो, एका सप्तकात १२ डेसिबल. भोकवाल्या पेटीचा भोकाच्या सुराखाली २४ डेसिबलने कोसळतो. छोटी बंद खोली अगदी तळाच्या सुरांना स्वतःच थोडा आधार देते, त्यामुळे तिच्याशी बंद पेटीचं जमतं.

दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही. आधी बुकशेल्फ घ्या, महिना-दोन महिने ऐका. पुष्कळांना कळतं की आपल्या गाण्यांना एवढं बास आहे, बस्स झालं.

साधारण १२ बाय १६ च्या हॉलमध्ये दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. इथे टॉवरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बुकशेल्फला स्टँड लागतो, स्टँडने जमिनीवर टॉवरएवढीच जागा खाल्लेली असते, आणि बरे स्टँड स्वस्त नसतात. टॉवरमध्ये वूफर जास्त असल्याने प्रत्येकावर ताण कमी पडतो, ढोलकीची थाप मोकळी येते. शिवाय जोडणी सोपी: दोन वायरी, संपलं. ज्यांना बटणं फिरवत बसण्यात रस नाही, त्यांनी इथे टॉवरच घ्यावा. घरात रांगतं मूल असेल तर मात्र टॉवर हलतो का, कलंडतो का, हे हाताने ढकलून बघा.

बंगल्यातल्या १५ बाय २० च्या किंवा दुमजली उंचीच्या हॉलला बुकशेल्फ पुरे पडत नाहीत. तिथे टॉवर, आणि सिनेमा बघत असाल तर सोबत सबवूफरही.

"टॉवर म्हणजे जास्त खोल बास" हे मात्र डोक्यातून काढा. लाउडस्पीकरच्या जगात हॉफमन यांचा नियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. त्यात भर म्हणजे, तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणाऱ्या पडद्याला ४० ला चार आणि २० ला सोळा मिलिमीटर. साडेसहा इंची वूफरला हे झेपत नाही, मग तो कितीही उंच पेटीत बसवा. बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ साडेतीन पट असतं, आणि सबवूफरमध्ये त्याला ढकलायला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो.

चौथी पायरी: कागदावरचे आकडे वाचा

डब्यावर "५००० वॅट पीएमपीओ" दिसलं की पुढच्या दुकानात जा. त्या आकड्याला कोणतंही ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद बघा, आणि तेही किती ओहमवर ते बघा. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते; आकडा जितका लहान, तितकं काम जड.

टॉवर किती खाली उतरतो हे "३८ हर्ट्झ ते २५ किलोहर्ट्झ" असं लिहिलेलं असतं. पुढे "±३ डेसिबल" असेल तर तो आकडा विश्वासाचा. "-१० डेसिबल" असेल तर ३८ ला आवाज जवळजवळ निम्माच ऐकू येणार. काहीच लिहिलं नसेल तर समजून जा.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे थोड्या विजेत स्पीकर किती मोठा वाजतो. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो, १० वॅटला ९८, १०० वॅटला १०८. दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून ५० वॅटच्या अ‍ॅम्पऐवजी ८० वॅटचा घेण्यासाठी जीव टाकू नका. यातही एक चलाखी असते: माप "२.८३ व्होल्ट"वर दिलं असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला तो एक वॅट होतो, ४ ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणजे ४ ओहमवाल्याचा आकडा फुकटात ३ डेसिबलने सजलेला.

ओहमकडे टॉवरच्या बाबतीत खास लक्ष द्या. दोन-तीन वूफर असलेले टॉवर कागदावर ६ ओहमचे असले तरी तळाच्या सुरांना ४ किंवा त्याखाली जातात. साधा रिसीव्हर (सिनेमासाठी अनेक स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) मे महिन्यात अशा टॉवरला जोरात वाजवायला गेला की तापून बंद पडतो. बुकशेल्फ आणि सबवूफरच्या संचात जड काम सबवूफरचा स्वतःचा अ‍ॅम्प उचलतो, त्यामुळे मुख्य अ‍ॅम्प मध्यम असला तरी चालतं. पैशाचा हिशोब करताना ही बाजू अनेकजण विसरतात.

अ‍ॅम्प घेताना मागे "सब आउट" किंवा "प्री आउट" भोक आहे का बघा, सबवूफरची वायर तिथेच लागते. आज सबवूफर घेणार नसलात तरी बघा.

पाचवी पायरी: कानाने ऐका

टीव्हीच्या दुकानात कोपऱ्यात वाजणाऱ्या स्पीकरवरून निर्णय करू नका. नीट डेमो रूम हवी असेल तर पुणं गाठणं सोयीचं. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. आधी फोन करून वेळ ठरवा आणि कोणतं मॉडेल जोडून ठेवायचं तेही सांगा. पहिल्या पायरीतल्या कागदावरची गाणी मोबाइलमध्ये उतरवून न्या, दुकानदाराच्या गाण्यांवर सगळंच चांगलं वाजतं. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. ऐकून ठरवायचा तो मधला आवाज: गायिका समोर बसल्यासारखी वाटते का, पेटी नाकात बोलते का. बासबद्दल तिथे मत बनवू नका, तो त्यांच्या खोलीचा आहे.

सहावी पायरी: मांडणी

टॉवर आणले असतील तर दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा, सहा ते आठ फूट. तोंडं थोडी आत वळवा. मागच्या भिंतीपासून किती दूर ठेवायचे यावर अर्धं आयुष्य घालवणारे लोक आहेत. कारण असं: मागच्या भिंतीवरून परत आलेली लहर मूळ लहरीला एका ठरावीक सुरावर मारते. वूफर भिंतीपासून एक मीटरवर असेल तर तो खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, ६० सेंटिमीटरवर असेल तर १४० च्या पुढे. बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्यापेक्षा वेगळं ठेवा, म्हणजे दोन खड्डे एकावर एक येत नाहीत. पेटीच्या मागे भोक असेल आणि जागा नसेल, तर सोबत आलेले फोमचे बोळे भोकात घाला. फरशीवर टोकदार खिळे लावू नका, रबरी पाय लावा. फरशीवर चरे पडले तर बोलणी तुम्हीच खाणार.

सोफा भिंतीला टेकवून ठेवण्याची आपली पद्धत. तो फूट-दीड फूट पुढे ओढता आला तर घुमणं बऱ्यापैकी उतरतं. खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे मागून तेवढं अंतर सोडून बसलात तर उत्तम. घरात कोण ऐकणार, ही गोष्ट वेगळी.

सबवूफरची जागा शोधायची पद्धत विचित्र दिसते, पण इतकी बिनचूक दुसरी नाही. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, सोफ्यावरच. चालत्या बासचं एखादं गाणं लावा, ज्यात सूर खाली-वर जातात. आता गुडघ्यांवर भिंतीच्या कडेकडेने फिरा, डोकं सबवूफरच्या उंचीला ठेवून. काही ठिकाणी नुसतं घुमेल, काही ठिकाणी बास नाहीसा होईल. जिथे सगळे सूर सारखे आणि सुटे ऐकू येतात, तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात बास सगळ्यात जास्त मिळतो, पण सारखा क्वचितच. भिंतीच्या मध्याजवळची जागा बहुतेकदा बरी निघते. ती कुठलीही असो, भिंतीपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे मघाचा खड्डा सबवूफरच्या कामाच्या पट्ट्याबाहेर जातो.

आता वायर. अ‍ॅम्पला सब आउट असेल तर एक आरसीए वायर पुरते. नसेल तर सबवूफरच्या "हाय लेव्हल" जागेत अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर आणतात. यात एक धोका आहे. काही क्लास डी प्रकारच्या (आकाराने छोट्या, कमी तापणाऱ्या) अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल अर्थला जोडलेलं नसतं, तेही चालू असतं. तिथे नेहमीसारखी जोडणी केली तर अ‍ॅम्प जळू शकतो. माहितीपुस्तिकेत बघा, नाहीतर विकणाऱ्याला लेखी विचारा.

पुढे तीन बटणं. क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या सुराखाली सबवूफरने काम घ्यायचं. रिसीव्हर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" करा, ८० हर्ट्झ निवडा, आणि सबवूफरवरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे दोनदा कापाकापी होत नाही. नुसता स्टिरिओ अ‍ॅम्प असेल तर तो बुकशेल्फला सगळेच सूर पाठवतो. मग बुकशेल्फ जिथे थकतात तिथे, बहुधा ५० ते ६० च्या दरम्यान, सबवूफर सुरू होऊ द्या. फेज म्हणजे सबवूफरचा पडदा बाकीच्या स्पीकरच्या जोडीने हलतो की उलटा, ते ठरवणारा खटका. तो ० आणि १८० दोन्हींवर ठेवून बघा. मोबाइलच्या टोन जनरेटर अ‍ॅपमधून क्रॉसओव्हरचाच सूर वाजवा, आणि तुमच्या जागेवर जो जास्त मोठा ऐकू येईल तो निवडा. हे दोघांनी मिळून करायचं काम आहे.

राहिली गेन, म्हणजे सबवूफरचा आवाज किती ठेवायचा ते बटण. शून्यापासून हळूहळू चढवा. सबवूफर ऐकू यायला लागला की बटण थोडं मागे फिरवा. बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं आणि चालू असताना तो कुठे आहे हे कळू नये, एवढीच. पाहुणे आले की ती वाढवायचा मोह होतो, त्याला इलाज नाही.

शेवटी त्याच अ‍ॅपवर ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत पाच-पाचने सूर वाजवून बघा. एखादा फार फुगत असेल तर इक्वलायझरने तो उतरवा. रिसीव्हरमध्ये स्वयंचलित जुळणी असते, डेननमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ती एकदा चालवाच. जिथे आवाज गायब होतो तो खड्डा मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नका. कितीही वीज ओतली तरी भिंतीवरून आलेली लहर ती तितकीच मारते, तापतो तो अ‍ॅम्प. तिथे सबवूफर नाहीतर खुर्ची हलवा. दोन छोटे सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर सोफ्यावरच्या सगळ्यांनाच सारखा बास मिळतो, हे हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी मोजून दाखवलं आहे. पण ते पुढच्या दिवाळीचं.

सातवी पायरी: घरची परिस्थिती

पहिल्याच रात्री घरातली भांडी बोलायला लागतील. मांडणीवरचे स्टीलचे डबे, शोकेसची काच, खिडकीची जाळी, वर पत्रा असेल तर त्याचे स्क्रू. मघाचे सूर परत वाजवा आणि कोणत्या सुराला काय खडखडतं ते शोधत फिरा. दरवाज्याच्या फटीत फेल्ट, काचेखाली रबराचा तुकडा, एवढ्यावर भागतं. स्पीकर खराब आहे म्हणून परत द्यायला निघालेल्यांपैकी अनेकांचा दोष शोकेसमध्ये सापडतो.

मे महिन्यात कूलर चालू असतो. त्याची घरघर तळाच्याच सुरांत असते आणि हलका बास पूर्ण झाकून टाकते. म्हणून गेन ठरवताना रोज ज्या परिस्थितीत ऐकता तीच ठेवा, पंखा-कूलरसकट. दिवसा शेजारी यंत्रमाग धडधडत असतील तर जुळणी रात्रीच्या शांततेत करा. अ‍ॅम्प टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका, वर वीतभर हवा सोडा.

सबवूफरमधून सतत "हूं" येत असेल तर तो बहुतेकदा अर्थिंगचा गोंधळ असतो. अ‍ॅम्प आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावून बघा. तीन पिनेतली अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीवाला धोका आहे. साध्या इन्व्हर्टरवर हा आवाज वाढतो, वीज आली की जातो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

फ्लॅटमध्ये सबवूफरचा आवाज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. त्याच्या पायांखाली जाड रबराची मॅट घाला. जिममध्ये अंथरतात ती चालते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण खालच्या काकूंना डेसिबल कळत नाहीत, त्यांना छताची धडधड कळते. दहानंतर सबवूफर बंद करून टाकावा हे बरं. कमी आवाजात कान तळाचे सूर आधी सोडतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं. त्यामुळे रात्री गाणं पातळ वाटेल. अ‍ॅम्पवर "लाउडनेस" बटण असेल तर ते याच वेळेसाठी आहे.

माल कुरिअरने आला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि थर्मोकोलसकट खोकी माळ्यावर ठेवा. वॉरंटीत टॉवर परत पाठवायची वेळ आली तर मूळ खोक्याशिवाय तो धड पोचत नाही.